अप्पांचे दोन बाँड

अप्पांनी मला मुखत्यार व्हायला सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता माझी पाळी आली.

बापानं विश्वासानं काही हातात दिलं तर लेकीला भरून यायला पाहिजे. मला काही भरून आलं नाही. मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. माकणीच्या घरात, पुढच्या खोलीत, ते आपल्या लोखंडी खुर्चीवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात स्वच्छ बंडी आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा डोळा पार पिकलेला. उजव्यानं माणसाचा आकार कळायचा, माणूस कळायचा नाही. समोर कोण आहे हे ते आवाजावरून ओळखत, आणि आवाज गोड असला की लगेच सावध होत.

"तू माझी मुखत्यार हो," ते म्हणाले. "रानाचं, गाळ्याचं, बँकेचं, सगळं तूच बघ. लोहाऱ्याला जाऊन बाँडवर लिहून देतो."

"आणि भाऊ?"

"त्याचं नाव काढू नको."

भावाचं नाव का काढायचं नाही ते सांगायचं तर आधी अप्पा सांगावे लागतील. गावात त्यांचं चाळीस वर्षं कापडाचं दुकान होतं. मोजताना अंगठ्याखाली बोटभर कापड कसं खायचं, कच्चा रंग पक्का म्हणून कसा खपवायचा, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. आपण स्वतः त्यातलं काहीही केलं नाही असं ते शपथेवर सांगत, आणि माझा त्यावर बहुतेक विश्वास आहे. पण जगातला दुसरा कोणी ते करत नसेल, यावर त्यांचा विश्वास कधीच बसला नाही. "धुतल्याबिगर कापड कळत न्हाय आन् संधी मिळाल्याबिगर माणूस," हे वाक्य आम्ही दोघा भावंडांनी पाढ्यांच्या आधी पाठ केलं.

आई गेल्यावर ते एकटे राहायला लागले आणि हा स्वभाव आणखी मुरला. शेजारची एक मावशी दोन्ही वेळची भाकरी करून द्यायची. ती घरी गेली की अप्पा पिठाच्या डब्यात हात घालून पीठ सारखं करायचे आणि त्यावर बोटानं एक रेघ ओढून ठेवायचे. संध्याकाळी ती यायच्या आधी चाचपून बघायचे, रेघ जागेवर आहे का. एकदा मावशीनं मला परसात बोलावून सांगितलं, "बाई, त्येंला दिसत न्हाय. चाचपताना त्येंचाच हात लागून रेघ मोडती, आन् दिवसभर चोर म्या."

मी अप्पांना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तुला कुणी सांगितलं? तिनंच ना?" संपला विषय.

लोकांना हसू येतं, मला फारसं येत नाही, कारण ते सगळं माझ्यातही आहे. मी उमरग्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कुठलंही परिपत्रक आलं की मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि मग उलटं करून मागची कोरी बाजूही बघते. माझे यजमान एखाद्या दिवशी न सांगता भाजी घेऊन आले तर मला वाटतं, काहीतरी घडलंय. संशय ही आमच्या घरातली एकच वडिलोपार्जित मालमत्ता आहे, जिच्यावरचा हक्क आम्ही कोणी अजून सोडलेला नाही.

तर भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान चालवतो. आई गेल्यानंतर अप्पांनी त्याला मुखत्यार केलं होतं. मग अप्पांनीच सांगितलं म्हणून त्यानं रस्त्यावरचा आमचा बंद पडलेला दुकानाचा गाळा एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं दिला. त्या माणसानं जुनं कुलूप काढून आपलं नवं लावलं आणि त्याची दुसरी चावी अप्पांकडं यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत अप्पांनी ठरवून टाकलं, की पोरानं गाळा विकला. भाऊ फोनवर ओरडून सांगत होता, मी सांगत होते, मावशी सांगत होती. जेवढे जास्त लोक सांगतील तेवढा त्यांचा संशय पक्का व्हायचा. सगळे मिळालेत म्हणाले. त्यांनी मुखत्यारपत्र रद्द केलं आणि वर्तमानपत्रात जाहीर प्रगटन दिलं.

जाहीर प्रगटन म्हणजे घरातलं भांडण वकिलाच्या भाषेत चौकटीत छापणं. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात, मग पोटच्या पोराचं नाव, बापाच्या नावासकट, गावासकट, आणि मग त्याच्याशी कोणीही व्यवहार करू नये, केल्यास तो माझ्यावर बंधनकारक राहणार नाही. आमच्या भागात सकाळी पेपर हातात घेतल्यावर लोक आधी निधनवार्ता बघतात आणि मग ही चौकट. भाऊ वाशीत सलूनमध्ये दाढीला बसला होता. सलूनवाल्यानं पेपर पुढं करून विचारलं, "हे तुमचंच नाव ना?" तो दाढी न करताच उठला. तीन वर्षं झाली, त्यानं माकणीत पाऊल ठेवलेलं नाही. प्रगटन छापून आलं त्याच दिवशी दुपारी मोबाइलवाला चावी घेऊन घरी आला. अप्पा म्हणाले, "आता आणून काय उपयोग? छापून आलंय."

हे सगळं मला पाठ होतं. म्हणून मी कप खाली ठेवून विचारलं, "मीच का, अप्पा?"

"तुझं त्यात काय बी न्हाय म्हणून," ते म्हणाले. "तू हक्क सोडलास. ज्याचं काय न्हाय, त्यो खाईल कशाला?"

हे जिव्हारी लागलं. आईच्या नावावर थोडं रान होतं. ती गेल्यावर त्यावर आम्हा तिघांची नावं लागली आणि वर्षाच्या आत मी माझा हिस्सा सोडल्याचं लिहून दिलं. आमच्याकडं लेकींनी हे करायचंच असतं. केलं की भाऊ साडी-चोळी नेसवतो, पुरणपोळीचं जेवण होतं, आणि बाईचं माहेर शाबूत राहिलं असं सगळे म्हणतात. मी राजीखुशीनं सही केली होती, निदान मला तसं आठवतं. अप्पा त्या दिवशी माझ्या डोक्यावरून हात फिरवून "गुणाची लेक" म्हणाले होते. आता त्यांच्या तोंडून "तुझं त्यात काय बी न्हाय" ऐकलं आणि मला त्या जुन्या हाताचाही संशय यायला लागला. तेव्हापासूनच हे डोक्यात होतं का? लेकीचा हक्क आधी काढून घ्यायचा आणि मग तिलाच राखणीला बसवायचं?

"कागद आधी वाचते," मी म्हणाले. "मग सांगते."

"वाच की. वाचल्याबिगर सही करणारी माझी लेकच न्हाय," अप्पा खूश होऊन म्हणाले, आणि त्या खूश होण्याचाही मला संशय आला.

उमरग्याला परत आल्यावर यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझे वडील आहेत, तू बघ." एवढं सरळ उत्तर कोणी देतं का? मी त्यावर दोन दिवस विचार केला. मग भावाला फोन लावला, कारण त्याला दुसऱ्याकडून कळलं असतं तर मेलेच असते.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मागं मोटार फिरल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "अक्का, तुला बी पेपरात नाव छापून घ्यायचंय व्हय?"

"मी अजून हो म्हटलेलं नाही."

"म्हणशील. हक्कसोडीच्या वेळेस बी तू लगेच व्हय म्हटलीस. तवा मला बरं वाटलं, आता वाटायलंय, तुला आधीच ठाऊक होतं का काय, की शेवटी सगळं तुझ्याच हातात येणार."

मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. मग स्वयंपाकघरात उभी राहून रडले. एका म्हाताऱ्यानं एका मुलाला घालवलं होतंच, आता दुसऱ्या मुलाला पहिल्याच्या अंगावर घालत होता, आणि आम्ही दोघंही त्याचीच मुलं असल्यानं एकमेकांवर विश्वास ठेवायचा कसा हे आम्हाला कोणी शिकवलेलंच नव्हतं. मला तेव्हा एकच गोष्ट स्वच्छ कळत होती. मी मुखत्यार झाले तर आज ना उद्या एखादी चावी चार दिवस उशिरा येणार, आणि त्या दिवशी मला बाप राहणार नाही, जसा भावाला राहिला नाही.

तरी मी गेले. शाळेची सुट्टी टाकून माकणीला गेले, अप्पांचा हात धरून त्यांना एसटीत बसवलं आणि लोहाऱ्याला उतरवलं. तहसीलसमोर एक बाँड रायटर बसतो. पत्र्याची टपरी, एक संगणक, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर लाकडी बाकडं. अप्पांची त्याच्याशी जुनी ओळख. भावाचं मुखत्यारपत्र त्यानंच लिहिलं होतं, आणि रद्दही त्यानंच केलं होतं.

"मॅडम, सगळं तयार आहे," तो म्हणाला. "वाचून घ्या. मग समोर ऑफिसात जायचं, फोटो, अंगठा, झालं."

अप्पांना बाकड्यावर बसवून मी टपरीत उभी राहून वाचायला लागले. भाषा नेहमीचीच. मिळकतीची वर्णनं, चतुःसीमा, बँकेतले व्यवहार, सरकारी कार्यालयात अर्ज करणे, जबाब देणे. एका ओळीवर मी थांबले. सदर मुखत्यार जी जी कृत्ये करतील ती मी स्वतः केली असे समजण्यात यावे. मी ती ओळ तीनदा वाचली. स्वतःच्या बोटानं मोडलेली रेघ स्वतःची न मानणारा माणूस, मी केलेलं काही स्वतःचं मानणार होता!

आणि मग सवयीनं मी शेवटचं पान उलटून बघितलं. त्याच्या मागं आणखी एक बाँड होता.

"हे काय?"

रायटरनं मान वर केली आणि त्याचा चेहरा उतरला. "ते तुमच्याकडं द्यायचं नव्हतं, मॅडम. एकाच पिनेत लागलं वाटतं."

मी वाचत होते. माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासह, राहणार उमरगा. सदर मुखत्यार यांनी माझ्या वृद्धापकाळाचा व विश्वासाचा गैरफायदा घेतल्याने त्यांना दिलेले कुलमुखत्यारपत्र मी या लेखाने रद्द करीत आहे. खाली तारखेची जागा मोकळी. त्याला जोडून साध्या कागदावर अर्धं पान मजकूर, तमाम लोकांस कळविण्यात येते की.

"अप्पा म्हणाले, एकदमच करून ठेवा," रायटर हळू आवाजात म्हणाला. "मुद्रांक सहा महिने चालतो. म्हणाले, या वयात पुन्हा हेलपाटा नको."

म्हणजे सहा महिने. माझ्या बापानं मला सहा महिने दिले होते. त्याच्या आत मी चोर ठरणार, हे त्यानं हिशेबात धरलेलं, आणि नुसतं धरलेलं नाही तर टाइप करून, मुद्रांक घेऊन ठेवलेलं. मी तो दुसरा बाँड घेऊन बाहेर आले आणि बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसले.

"अप्पा, हा रद्दचा कागद काय आहे?"

त्यांना जराही ओशाळं वाटलं नाही. "त्यानं दाखवला व्हय तुला? बेइमान हाय त्यो. म्या सांगितलं होतं दाखवू नको म्हणून."

"पण लिहून घेतलात कशाला?"

"दुकानाला कुलूप लावतो म्हणजे सगळं गाव चोर हाय असं थोडंच?"

"यात लिहिलंय, मी विश्वासाचा गैरफायदा घेतला."

"लिहिलंय," अप्पा शांतपणे म्हणाले. "तारीख कुठं टाकलीय?"

टपरीतला रायटर हसला. खरं तर मीही हसले असते, दुसऱ्या कोणाचा बाप असता तर. मला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं. रस्त्यावर एसटी उभी होती, माणसं चढत होती, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की पेपर पंचायत समितीत येतो, शाळेत येतो, आमच्या गल्लीतल्या तीन घरांत येतो.

"मी तुमची मुखत्यार होणार नाही," मी म्हणाले.

"काय?"

"नाही म्हणतेय. सही करणार नाही, अंगठा देणार नाही. आजही नाही आणि कधीच नाही."

"भावानं भरवलं."

"भावानं नाही. तुम्हीच भरवलं, आत्ता, या कागदानं."

त्यांनी कानडीत मला "सुम्म कुंद्रु" म्हटलं. लहानपणी दुकानात मध्ये बोलले की असंच गप्प करायचे. मी गप्प बसले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अप्पांशी चढ्या आवाजात बोलले, तेही तहसीलसमोर. म्हटलं, "तुम्हाला कोणाची सही नकोच आहे, अप्पा. तुम्हाला दिसत नाही, हे तुमचं दुखणं आहे. दिसत नाही म्हणून कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि दिला म्हणून तो चोर. तुमचे डोळे करून घ्या. स्वतः वाचा, स्वतः सही करा. बँकेत, तहसीलला, जिथं जायचं तिथं मी हात धरून नेईन. पण तुमच्या जागी सही करणार नाही."

"डोळ्याला पट्टी बांधली की अंगठा घेत्यात लोक," अप्पा म्हणाले. "ठाऊक हाय मला."

तर हे होतं. गेली चार वर्षं आम्ही ऑपरेशन करा, ऑपरेशन करा म्हणून जीव काढत होतो आणि ते कधी साखर वाढलीय म्हणायचे, कधी पाऊस संपू दे म्हणायचे. त्यांना भीती भूल देण्याची नव्हती, सुईची नव्हती. भीती होती ती पट्टी बांधलेल्या दिवसभराची.

आम्ही परत आलो. एसटीत ते माझ्या शेजारी बसले नाहीत. चाचपत पुढं गेले आणि एका अनोळखी बाईशेजारी बसले.

पुढचे काही महिने वाईट गेले. नातेवाइकांचे फोन यायला लागले. एवढी शिकलेली लेक, बापानं पहिल्यांदा काही मागितलं आणि नाही म्हणाली. एक चुलती म्हणाली, "हक्क सोडलास तो मनापासनं न्हवता, आता कळलं." मी सगळ्यांना तेच सांगत होते, की माझी हिंमत नाही. ते खरंही होतं. मी नाही म्हणाले ते अप्पांच्या भल्यासाठी का माझ्या नावाच्या भीतीनं, असं कोणी विचारलं असतं तर मी भीतीनंच म्हणाले असते. पण दर रविवारी माकणीला जायचं मी थांबवलं नाही. अप्पा दार उघडायचे, आवाज ओळखायचे आणि विचारायचे, "कशाला आलीस? कागद तर न्हाय म्हटलीस." सही नाही, हक्क नाही, तरी ही बाई दर रविवारी येते. त्यांना ते सगळ्यात जास्त संशयास्पद वाटायचं.

मग पीकविम्याचं पत्र आलं. अप्पांनी ते आधी मावशीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून घेतलं. ती म्हणाली, कागदपत्रं द्यायची आहेत. मग किराणा दुकानदाराकडून वाचून घेतलं. तो म्हणाला, काही नाही, दिलेलीच आहेत. मग गावातल्या मास्तरांना घरी बोलावलं. ते म्हणाले, पत्र तुमचं नाहीच, गट नंबर दुसऱ्याचा आहे. तीन माणसं, तीन पत्रं. अप्पांनी त्या तिघांशीही बोलणं सोडलं आणि शनिवारी सकाळी मला फोन केला.

"त्यो डोळ्याचा डॉक्टर उमरग्यातच बसतो का अजून?"

"बसतो."

"तू असशील?"

"असेन."

"दिवसभर?"

"सुट्टी काढते, अप्पा. तुमचा अंगठा माझ्या नजरेआड होणार नाही."

लोहाऱ्याच्या टपरीतले ते दोन्ही बाँड तोपर्यंत मुदत संपून वाया जायच्या बेतात होते. मी आठवण करून दिली नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सही लागते. सिस्टरनं पेन माझ्यापुढं केलं. "नातेवाईक ना? इथं करा."

"तिची घेऊ नका," अप्पा खाटेवरून म्हणाले. "तिनं न्हाय म्हटलंय. माझी घ्या." मग मला म्हणाले, "वाच."

मी सगळं संमतीपत्र वाचून दाखवलं. संपल्यावर त्यांनी सिस्टरला तेच पुन्हा वाचायला लावलं आणि दोन्ही जुळतंय का ते मान तिरकी करून ऐकलं. सिस्टरनं एक ओळ गाळली. अप्पांनी पकडली. मग पेन हातात घेतलं, पण कागदावर सहीची जागा दिसत नव्हती. पेन दोनदा कागदाबाहेर, चादरीवर टेकलं.

"हात धर माझा," ते म्हणाले.

मी त्यांचं मनगट धरून पेन ओळीवर नेलं.

"धर, पण ओढू नको."

"ओढत नाही."

सही झाली. अर्धी ओळीवर, अर्धी खाली, पण त्यांचीच. शाळेत मी शेकडो मुलांचा हात धरून त्यांना अक्षरं गिरवायला शिकवलंय, पण न ओढता कोणाचा हात धरायची ही माझी पहिलीच वेळ होती.

ऑपरेशनला नेताना त्यांनी दोन्ही अंगठे मुठीत दाबून धरले होते. नाडी बघायचा चिमटा बोटाला लावायचा म्हटल्यावर डाव्या हाताची करंगळी पुढं केली. डॉक्टर म्हणाले, मुठी सैल सोडा आजोबा, हाताचं ऑपरेशन नाही. ते म्हणाले, "तुमी डोळ्याचं बघा." दुपारी पट्टी बांधून घरी आणलं, तेव्हाही मुठी तशाच होत्या. मी दिवसभर समोर बसून राहिले. भाताचे घास भरवले, कारण मूठ सोडून जेवायला ते तयार नव्हते. मधूनच विचारायचे, "हैस का?" मी म्हणायचे, "आहे." यजमान एकदा खोलीत आले तर म्हणाले, "कोण हाय? हातात काय हाय त्याच्या?" हातात पाण्याचा तांब्या होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी काढली. डोळ्यातून पाणी आलं, ते सिस्टरनं टिपलं. अप्पांनी उजवा डोळा हातानं झाकून घेतला आणि नव्या डोळ्यानं आधी एक अंगठा, मग दुसरा, जवळ धरून उलटसुलट करून बघितला. शाई नव्हती. मग समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचली, पार तळापासून दुसऱ्या ओळीपर्यंत. डॉक्टर खूश झाले. अप्पांनी त्यांच्याकडं लक्षही दिलं नाही. ते माझ्याकडं वळले आणि बघत राहिले. मला वाटलं, आता संमतीपत्राची प्रत कुठं ठेवलीस म्हणून विचारणार.

"तूच हैस का?"

"मीच, अप्पा."

"अजून बोल."

"काय बोलू? मीच आहे."

आवाज पटला. त्यांनी हात पुढं करून माझ्या कानावरचे केस दोन बोटांत धरले. कापडाचा पोत बघायचे तसे चोळून बघितले.

"पांढरे झाले की गं सगळे."

"झाले."

"कवापास्नं?"

"चारेक वर्षं झाली असतील."

त्यांनी आधी सिस्टरकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडं. एकेकाकडं, संशयानं.

"आन् मला कुणी सांगितलं न्हाय," अप्पा म्हणाले.